एक्मोवरचा रुग्ण: रेफर करण्यापासून नळ्या काढेपर्यंत

एक्मो फुप्फुस बरं करत नाही आणि हृदयही बरं करत नाही. रक्त शरीराबाहेर काढायचं, त्यात ऑक्सिजन भरायचा, कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा आणि रक्त परत द्यायचं, एवढंच त्याचं काम. आजार बरा व्हायला त्यातून काही दिवस मिळतात. म्हणून यंत्र मागवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: या मिळालेल्या दिवसांत सुधारेल असं रुग्णाकडे काही आहे का?

विदर्भातल्या आयसीयूत याचं उत्तर बरेचदा आजाराच्या नावावरून मिळतं. स्क्रब टायफस किंवा स्वाइन फ्लूमुळे फुप्फुसं भरलेला, पण बाकी अवयव शाबूत असलेला तरुण रुग्ण व्हीव्ही एक्मोसाठी (फक्त फुप्फुसाचं काम करणारा प्रकार) चांगला उमेदवार. सेल्फॉसच्या (धान्यातली कीड मारायच्या विषाच्या) गोळीने हृदय मंदावलेला रुग्ण व्हीए एक्मोवर (हृदयाचंही काम करणारा प्रकार) तगू शकतो, कारण तो झटका ओसरला की हृदयाचे स्नायू काही दिवसांत सावरतात. पॅराक्वाट या तणनाशकाचं तसं नाही. फुप्फुसांत तंतू वाढत जातात, परतीची वाट नसते आणि प्रत्यारोपणाचा विचार नसेल तर एक्मोने फक्त यातना लांबतात. मण्यार चावलेल्याला एक्मो लागत नाही. त्याचे श्वासाचे स्नायू निकामी झालेले असतात, फुप्फुसं चांगली असतात आणि व्हेंटिलेटरवर काम भागतं. घोणसाच्या दंशात रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडलेली असते, तिथे हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) लागणारं यंत्र लावताना दहादा विचार करावा.

दोन प्रकारांतला फरक पक्का असावा. व्हीव्हीमध्ये रक्त शिरेतून निघतं आणि शिरेतच परत जातं. ते फक्त फुप्फुसाचं काम करतं, रक्तदाब रुग्णाच्या हृदयालाच सांभाळावा लागतो. व्हीएमध्ये रक्त शिरेतून निघून धमनीत जातं, हृदय आणि फुप्फुस दोघांचा भार उचलला जातो. महाधमनीची झडप खूप गळत असेल किंवा महाधमनी चिरलेली असेल तर व्हीए लावू नये.

कधी फोन करायचा

एआरडीएसच्या (फुप्फुसं सुजून, पाण्याने भरून निकामी होतात त्या आजाराच्या) रुग्णात आधी साधे उपाय पूर्ण झाले पाहिजेत. आदर्श वजनाच्या किलोमागे ६ मिली टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा), पुरेसा पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात टिकवलेला दाब), गरज असेल तर स्नायू शिथिल करणारं औषध आणि दिवसाला किमान १६ तास पालथं झोपवणं. एवढं करूनही पी/एफ रेशो (धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब भागिले दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) ३ तासांपेक्षा जास्त वेळ ५० च्या खाली, किंवा ६ तासांपेक्षा जास्त वेळ ८० च्या खाली राहिला, किंवा पीएच ७.२५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर ६ तास राहिला, तर एक्मोची वेळ आली. हेच निकष २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इओलिया चाचणीत वापरले होते. त्या चाचणीत एक्मो गटात ६० दिवसांत ३५ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या दुसऱ्या गटात ४६ टक्के रुग्ण दगावले. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरला नाही. पण दुसऱ्या गटातल्या चौथ्या हिश्शाहून जास्त रुग्णांना शेवटी एक्मोच लावावा लागला होता, हे ते आकडे वाचताना ध्यानात ठेवावं.

फोन मात्र निकष भरेपर्यंत थांबवू नका. पी/एफ १०० च्या खाली गेला आणि पालथं करूनही सुधारला नाही की नागपूरच्या एक्मो सेंटरला फोन करून ठेवा. सात दिवसांहून जास्त काळ उंच प्रेशर आणि ९० टक्क्यांवर ऑक्सिजन देऊन भाजून निघालेली फुप्फुसं घेऊन रुग्ण आला, तर यंत्र असून उपयोग फारसा होत नाही.

पाठवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आमच्या मते सर्वांत महत्त्वाच्या. पहिली: उजवी मांडी आणि मानेची उजवी बाजू मोकळी ठेवा. सेंट्रल लाइन मानेच्या डाव्या बाजूला घाला. उजव्या मानेत डायलिसिसची जाडी नळी आधीच बसलेली असली की एक्मोच्या नळ्यांची सगळी गणितं बदलतात. दुसरी: ऑक्सिजनचा हिशेब कागदावर करा. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर, साडेतीन तास धरा. व्हेंटिलेटर मिनिटाला १५ लिटर घेतो असं मानलं तर २१० मिनिटांना ३,१५० लिटर लागतात. रस्त्यात खोळंबा होतोच, म्हणून दुप्पट, म्हणजे ६,३०० लिटर. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतात, म्हणजे पाच सिलिंडर. डी टाइपमध्ये सुमारे ७,०००, म्हणजे एक. तिथेच एक्मो लावून आणत असाल तर स्वीपचे (एक्मो यंत्राला लागणाऱ्या गॅसचे) मिनिटाला ५ लिटर त्यात मिळवा. अ‍ॅम्बुलन्समध्ये व्हेंटिलेटरऐवजी अंबू बॅग (हाताने श्वास द्यायचा फुगा) दाबत आणू नका. पीप सुटला की तासाभरात कमावलेलं दोन मिनिटांत जातं.

कागदांत शेवटचे तीन एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासण्या) वेळेसह, व्हेंटिलेटरची सेटिंग, पालथं केल्यावर काय झालं ते आणि रक्तगट हवा. विदर्भात सिकलसेलची तपासणीही हवीच. सिकलसेलचा रुग्ण असेल तर सर्किटमधला (एक्मोच्या नळ्या आणि पंपाच्या संचातला) थंडावा, आम्लता आणि लाल पेशींची मोडतोड तिन्ही त्याला घातक. शक्य असेल तर रक्त बदलून हिमोग्लोबिन एसचं प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली आणतात आणि हीटर आधीपासून ३७ अंशांवर ठेवतात.

नळ्या बसवणं

प्रौढांच्या सर्किटमध्ये साधारण ६०० मिली द्रव मावतो. रिंगर लॅक्टेट किंवा प्लाझ्मालाइटने प्राइम करा, म्हणजे सर्किट भरून घ्या, ग्लुकोजवालं काहीही वापरू नका. प्राइम झाल्यावर पंप फिरवून ऑक्सिजनेटरच्या (रक्तात ऑक्सिजन भरणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यांवर आणि प्रत्येक कनेक्टरवर बोटाने टिचकी मारत बुडबुडे बाहेर काढा. पलंगाशी किमान चार ट्यूबिंग क्लॅम्प (नळी बंद करायचे चिमटे) आणि हँड क्रँक (पंप हाताने फिरवायचं साधन) ठेवा. यंत्र कुठलंही असो, क्रँक त्याच यंत्राचा असायला हवा. ही गोष्ट नव्या सेंटरमध्ये हमखास राहून जाते.

रक्त काढणारी नळी प्रौढात २१ ते २९ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप), बहुधा २५ च्या आसपास, उजव्या मांडीच्या शिरेतून वर नेतात. परत देणारी नळी व्हीव्हीमध्ये मानेच्या उजव्या शिरेत १७ ते २१ फ्रेंच, आणि व्हीएमध्ये मांडीच्या धमनीत १५ ते १९ फ्रेंच. काढणारी नळी जेवढी जाड तेवढं पुढचं आयुष्य सोपं. बारीक नळीतून ओढायला पंप जोरात फिरवावा लागतो आणि लाल पेशी फुटतात. नळीला वाट दाखवणारी वायर आत गेली की किलोमागे ५० ते १०० युनिट हेपारिन. ७० किलोच्या माणसाला ३,५०० ते ७,०००. वायर कुठे गेली ते सोनोग्राफी किंवा इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) पाहिल्याशिवाय वाट रुंद करणारा डायलेटर पुढे ढकलू नका. वायर वाकलेली असताना डायलेटर रेटला की शीर फाटते, आणि ती पोटाच्या मागे फाटली तर बाहेर थेंबही दिसत नाही, फक्त रक्तदाब पडत जातो.

धमनीतल्या नळीने खालच्या पायाचा रक्तपुरवठा अडतो. म्हणून व्हीएमध्ये ६ ते ८ फ्रेंचची वेगळी बारीक नळी पायाच्या दिशेने त्याच वेळी बसवावी. पाय पांढरा पडल्यावर बघू म्हणणाऱ्यांना पुढे सर्जनला बोलवावं लागतं.

जोडताना दोन्ही टोकांवर सलाइनची धार धरून, पाण्याला पाणी लावून जोडा. सुरू करताना परतीच्या नळीवरचा क्लॅम्प बंद असतानाच पंप साधारण १,५०० आरपीएमवर आणा, मग क्लॅम्प सोडा. पंप थांबलेला असताना क्लॅम्प सोडला तर व्हीएमध्ये रक्त धमनीतून उलटं वाहतं. बंद करताना क्रम उलटा: आधी परतीची नळी क्लॅम्प, मग पंप कमी. फ्लो (यंत्रातून मिनिटाला फिरणारं रक्त) हळूहळू वाढवत किलोमागे मिनिटाला ६० मिलीवर न्या. ७० किलोला ४.२ लिटर.

स्वीप गॅस सुरुवातीला फ्लोइतकाच ठेवतात. पण ज्याचा कार्बन डायऑक्साइड कित्येक तास ९० वर आहे, त्याचा तासाभरात ४० करू नका. मेंदूच्या रक्तवाहिन्या एकदम आकसतात आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा रुग्णात स्वीप २ लिटरपासून सुरू करून दर अर्ध्या तासाला एबीजी पाहत वाढवा. पहिल्या २४ तासांत आकडा निम्म्यापेक्षा खाली जायला नको.

फ्लो मिळाला की व्हेंटिलेटर उतरवा. प्लॅटू प्रेशर (श्वास आत रोखल्यावर फुप्फुसातला दाब) २५ च्या खाली, पीप १० च्या आसपास, श्वास मिनिटाला १०, ऑक्सिजन ३० ते ५० टक्के. एक्स-रे आठवडाभर पांढराफटक दिसला तरी घाबरून प्रेशर वाढवायचं नाही. फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून तर हा खटाटोप.

दर तासाला काय बघायचं

पलंगाशी गेल्यावर आधी दोन नळ्यांचा रंग बघा, मॉनिटर नंतर. काढणारी नळी काळसर आणि परतीची लालभडक असायला हवी. दोन्ही काळसर असतील तर स्वीपची नळी सुटली आहे, सिलिंडर संपला आहे किंवा ऑक्सिजनेटर थकला आहे. गॅस तुटण्याची शक्यता सर्वांत साधी आणि सर्वांत विसरली जाणारी, म्हणून आधी गॅसच्या नळीवरून भिंतीपर्यंत हात फिरवा. व्हीव्हीमध्ये दोन्ही नळ्या लाल आणि रुग्ण निळा, म्हणजे रीसर्क्युलेशन: परत दिलेलं रक्त काढणारी नळी लगेच ओढून घेते आहे. दोन नळ्यांची टोकं फार जवळ आली असतील किंवा फ्लो गरजेपेक्षा जास्त असेल. आरपीएम थोडा कमी करून बघा. सॅच्युरेशन वाढलं तर निदान पक्कं. मग इको लावून नळी सरकवा.

त्यानंतर टॉर्च. ऑक्सिजनेटरचे कोपरे आणि कनेक्टरच्या कडा बघा. पांढरे धागे म्हणजे फायब्रिन, काळे ठिपके म्हणजे गुठळ्या. रक्त आत येतं त्या बाजूच्या लहान गुठळ्यांची जागा वहीत चित्र काढून नोंदवा आणि लक्ष ठेवा. रक्त बाहेर पडतं त्या बाजूची गुठळी पुढे रुग्णातच जाणार, तिथे वाट बघत बसू नका. पंपाच्या आवाजात घरघर आली आणि लघवी कोकमाच्या रंगाची झाली, तर पंपहेडमध्ये गुठळी आहे असं समजून प्लाझ्मा फ्री हिमोग्लोबिन पाठवा. ते डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर कारण शोधून काढणं भाग आहे.

तीन प्रेशर एकत्र वाचायला शिकलं की निम्म्या अडचणी जागच्या जागी सुटतात. काढणाऱ्या बाजूचं प्रेशर उणे १०० च्या पलीकडे जाऊ नये. परतीचं ३०० च्या आत असावं. ऑक्सिजनेटरच्या आधीचं आणि नंतरचं यातला फरक पहिल्या दिवशी किती होता ते लिहून ठेवा. आरपीएम तेवढेच आणि फ्लो घसरला, तर कोणता आकडा हलला ते बघा. काढणाऱ्या बाजूचं जास्त उणे झालं असेल तर रक्त पुरेसं येत नाही. नळी मुडपली आहे, रुग्ण खोकतो आहे, द्रव कमी पडला आहे, किंवा टॅम्पोनाड (हृदयाभोवती साचलेलं रक्त किंवा पाणी), न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती साचलेली हवा), फुगलेलं पोट यांपैकी काही आहे. परतीचं वाढलं असेल तर अडथळा पुढे आहे. दोन्ही ठीक आणि ऑक्सिजनेटरमधला फरक वाढत चाललाय, तर ऑक्सिजनेटर आतून तुंबतो आहे. १०० टक्के ऑक्सिजन देऊनही त्याच्या नंतरच्या रक्तात पीएओटू (ऑक्सिजनचा दाब) २०० च्या खाली आला, की बदलायची तयारी करा.

काढणारी नळी थरथरू लागली की बहुतेकांचा हात आरपीएमच्या बटणाकडे वाढवण्यासाठी जातो. तिथे उलट करायचं. शीर नळीभोवती चिकटते आहे, जास्त ओढलं तर आणखी चिकटेल. २०० ते ३०० आरपीएम कमी करा, थरथर थांबते, बरेचदा फ्लो वाढतोसुद्धा. मग कारण शोधा. प्रत्येक वेळी सलाइन देत सुटलात तर तिसऱ्या दिवशी रुग्ण सुजलेला असतो.

आणखी काही सवयी. पंपाच्या आधीच्या भागात दाब उणे असतो, तिथला थ्री-वे उघडा राहिला तर हवा आत खेचली जाते. तिथे कोणतंही इन्फ्युजन जोडू नका. पॉलिकार्बोनेटचे कनेक्टर स्पिरिटने पुसू नका, तडे जातात. स्नायूत इंजेक्शन द्यायचं नाही. गार एसीत ऑक्सिजनेटरमध्ये पाणी साठतं आणि रक्तातले वायू बिघडतात, त्यामुळे दर काही तासांनी काही सेकंद स्वीप १० लिटरपर्यंत नेऊन पाणी झटकून टाका आणि लगेच आधीच्या आकड्यावर आणा. तो परत खाली आणायला विसरलं की पुढच्या एबीजीत गोंधळ उडतो. हीटर रुग्णाचं तापमान ३७ वर धरून ठेवतो, म्हणून ताप दिसणार नाही. जंतुसंसर्ग शोधायला पेशींची संख्या, कल्चर आणि हीटरला अचानक पाणी गार करावं लागतंय का, याकडे बघा.

हेपारिनचा डोस रक्त गोठण्याच्या तपासण्यांवरून ठरतो: एपीटीटी साधारण नॉर्मलच्या दीड ते अडीच पट किंवा अँटी टेन ए ०.३ ते ०.७. एसीटी ही तशीच तपासणी पलंगाशी लगेच मिळते, पण कमी डोसवर ती फारशी भरवशाची नसते. रक्तस्राव होत असेल तर व्हीव्हीमध्ये फ्लो चांगला ठेवून हेपारिन काही काळ बंद ठेवता येतं. व्हीव्हीवर सॅच्युरेशन ८५ ते ९० असेल, लॅक्टेट नॉर्मल असेल आणि हिमोग्लोबिन ७-८ च्या वर असेल, तर शंभरच्या मागे लागू नका.

व्हीएचे दोन खास धोके आहेत. आजारी फुप्फुसातून आलेलं काळं रक्त हृदय वर ढकलतं आणि यंत्राचं लाल रक्त खालून येतं, त्यामुळे पाय गुलाबी आणि डोकं निळं अशी स्थिती होते. म्हणून एबीजी आणि पल्स ऑक्सिमीटर उजव्या हातावरच लावायचे. डावा हात किंवा पाय खोटं बोलतो. दुसरा धोका डावी जवनिका (हृदयाचा डावा खालचा कप्पा) फुगण्याचा. यंत्र धमनीत दाब वाढवतं, अशक्त हृदयाला झडप उघडवत नाही, रक्त आत साचतं. पल्स प्रेशर (वरच्या आणि खालच्या रक्तदाबातला फरक) १० च्या खाली गेलं आणि इकोवर झडप उघडताना दिसत नसेल, तर फ्लो शक्य तेवढा कमी करा, इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) द्या, तरीही नाही जमलं तर बलून पंप किंवा इम्पेला ही हृदयाला आधार देणारी साधनं.

पंप थांबला किंवा हवा गेली

उन्हाळ्यात ४५ अंशांच्या दुपारी लाइट जाणं नागपूरला नवं नाही. जनरेटर येईपर्यंत बॅटरी पंप चालवते, मात्र हीटर बहुधा बॅटरीवर चालत नाही. बॅटरी खरोखर किती मिनिटं टिकते ते महिन्यातून एकदा रुग्ण नसताना मोजून यंत्रावर चिठ्ठी लावा.

पंप पूर्ण थांबला तर: रुग्णाजवळ परतीची नळी क्लॅम्प करा, दुसऱ्याने व्हेंटिलेटर १०० टक्क्यांवर नेऊन पूर्ण सेटिंग द्यावी, तिसऱ्याने पंपहेड मोटरमधून काढून हँड क्रँकमध्ये बसवावा. क्रँकवर पुरेसा वेग आल्याशिवाय क्लॅम्प सोडायचा नाही. हे वाचून येत नाही. पाण्याने भरलेल्या जुन्या सर्किटवर प्रत्येक नर्सकडून करून घ्या, रात्रपाळीसकट.

परतीच्या नळीत हवा दिसली तर क्षणाचाही विचार न करता तीच नळी रुग्णाजवळ क्लॅम्प करा आणि पंप थांबवा. डोकं खाली करा, व्हेंटिलेटर वाढवा, व्हीएमध्ये रक्तदाब पडणारच म्हणून इनोट्रोप आणि गरज पडली तर छातीदाब. हवा कुठून आली ते सापडल्यावरच पुन्हा प्राइम करा. नळी निसटली तर क्लॅम्प, जागेवर हाताने दाब आणि ब्लड बँकेला फोन, तिन्ही एकदम.

उतरवणं

नातेवाइकांशी खर्च आणि 'कधी थांबायचं' हे पहिल्याच दिवशी बोला. दहाव्या दिवशी तो विषय काढला तर तो पैशाचाच वाटतो.

व्हीव्हीमध्ये फ्लो तसाच ठेवून फक्त स्वीप कमी करत शून्यावर आणतात. रक्त फिरत राहतं, गुठळी होत नाही, आणि काम खऱ्या फुप्फुसांवर येतं. व्हेंटिलेटरवर ५० टक्के ऑक्सिजन आणि हलक्या प्रेशरमध्ये काही तास एबीजी टिकला, श्वास धापांवर गेला नाही, की नळ्या काढायला हरकत नाही.

व्हीएमध्ये स्वीप कधीही बंद करू नका. तसं केलंत तर शिरेतलं काळं रक्त जसंच्या तसं धमनीत जाईल. तिथे कमी करायचा तो फ्लो, अर्धा-अर्धा लिटर, १ ते १.५ लिटरपर्यंत, हेपारिन चालू ठेवून आणि इकोचा प्रोब छातीवर धरून. ईएफ (दर ठोक्याला डाव्या जवनिकेतलं किती टक्के रक्त बाहेर पडतं) २० ते २५ टक्क्यांच्या वर, एलव्हीओटी व्हीटीआय (ठोक्यामागे बाहेर पडणाऱ्या रक्ताचं इकोवरचं माप) १० सेंटिमीटर किंवा जास्त, मायट्रल झडपेच्या बाजूची एस वेव्ह (हृदयाचा स्नायू आकसण्याचा वेग) सेकंदाला ६ सेंटिमीटर किंवा जास्त, आणि थोड्याच इनोट्रोपवर रक्तदाब टिकतोय, असं दिसलं तर हृदय तयार आहे. उजवी बाजू फुगत असेल तर थांबा. चाचणी झाली की फ्लो लगेच पूर्ववत करा, कमी फ्लोवर रात्रभर ठेवू नका.

नळ्या काढण्याआधी तासभर हेपारिन बंद. शिरेवर टाका घालून २० ते ३० मिनिटं दाब पुरतो, धमनी सर्जनने शिवावी. नंतर दर तासाला पायाचा स्पर्श आणि नाडी बघा, आणि दुसऱ्या दिवशी मान व मांडी दोन्हीकडे डॉप्लर करा. नळी होती त्या शिरेत गुठळी सापडणं नेहमीचंच आहे, आणि सापडली तर डिस्चार्जच्या कागदावर अँटिकोअ‍ॅग्युलंटचं नाव, डोस आणि किती महिने घ्यायचं ते मराठीत लिहून द्या.